तेलाला आच नको, ऊब द्या : वापरलेल्या तेलाचा ड्रम कसा तापवायचा आणि कसा गुंडाळायचा



हा संदेश मोठा आहे, म्हणून आठ भागांत पाठवतोय. ज्यांच्याकडे तळणीचं वापरलेलं तेल गोळा होतं (संकलन केंद्रं, फरसाण करणारे बचत गट, ढाबेवाले, आचारी) त्यांनी सगळे भाग वाचावेत. केंद्रावर ज्या कामगाराला वाचता येत नाही, त्याला कृपया वाचून दाखवा. ड्रमजवळ उभा तोच असतो.

*भाग १ : हा संदेश का*

गेल्या थंडीत आपल्या एका केंद्रावर तेलाचा ड्रम उसळला. केंद्र कोणतं, माणूस कोण, ते इथे लिहीत नाही. पण त्या भावाने स्वतःच सांगितलं, "माझं झालं ते सगळ्यांना कळवा, दुसऱ्या कोणाचं होऊ नये."

झालं असं. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो आणि आपण पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. त्या थंडीत ड्रममधलं पामतेल तुपासारखं थिजलं होतं. संध्याकाळी गाडी येणार होती. मागच्या खेपेला तेलात पाणी निघालं म्हणून वजनात कपात झाली होती, म्हणून यावेळी "जरा उकळून पाणी उडवून टाकू" असं ठरलं. तीन दगडांवर ड्रम ठेवला, खाली द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आणि लाकडं पेटवली.

वर तेल थिजलेलंच होतं. खाली तळाला पाणी होतं, ते तापलं. पाण्याची वाफ झाली, पण वर जायला वाट नव्हती. अर्ध्या तासाने ड्रममधून गुरगुर आवाज आला. भाऊ बघायला पुढे झाला आणि तेवढ्यात तेल उसळून बाहेर आलं. हात कोपरापर्यंत भाजला, पायावरही उडालं. जे तेल जाळावर पडलं ते पेटलं. शेड वाचली, कारण शेजारी वाळूचा ढीग होता.

ड्रमभर तेल गेलं, त्याचं काही नाही. तो भाऊ महिनाभर कामाला येऊ शकला नाही, ऐन हंगामात.

यात चूक एकट्या त्या भावाची नाही. तेल कोरडं करून द्या असं कार्यालयाने सांगितलं, पण कसं करायचं ते सांगितलं नाही. ते आज सांगतोय.

*भाग २ : पाणी तळाला का बसतं, आणि उकळलं की काय होतं*

तळणीच्या तेलात पाणी येतं कुठून? भजी, वडे, बटाटे यांच्यातलं पाणी. डबे धुतल्यावर राहिलेलं पाणी. उघड्या डब्यात पडलेला पाऊस. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते खाली जातं आणि पिठाच्या चोथ्यासोबत तळाला बसतं.

आता ड्रमखाली जाळ लावला तर सगळ्यात आधी काय तापतं? तळ. म्हणजे नेमकं पाणीच. त्याच्यावर हातभर तेलाचं झाकण असतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० लिटर जागा मागते. ती वाफ एकदम सुटली की वरचं सगळं तेल उचलून फेकते. फोडणीत ओला कढीपत्ता टाकला की काय होतं ते घरात सगळ्यांनी पाहिलंय. ड्रममध्ये तेच होतं, फक्त तिथे पानावरचा थेंब नसून लिटरनं पाणी असतं आणि वर दीडशे लिटर तेल असतं.

थिजलेल्या तेलात धोका आणखी जास्त. खालचं वितळतं, फुगतं, आणि वरचा घट्ट थर त्याला अडवून धरतो. पामतेल आणि वनस्पती तूप या दोन्हींचं हे असंच असतं. सोयाबीन आणि सूर्यफूल सहसा थिजत नाही, पण आपल्याकडे येणाऱ्या तेलात पाम मिसळलेलं असतंच, असं धरून चाला.

म्हणून पहिला नियम : *तेल उकळून पाणी उडवायचं नाही.* ना लाकडावर, ना गॅसच्या शेगडीवर, ना "थोडाच वेळ".

मग पाणी काढायचं कसं? पाणी स्वतःच खाली बसतं. आपण फक्त त्याला दोन गोष्टी द्यायच्या : ऊब आणि शांतता.

*भाग ३ : साठ अंश, आणि रात्रभर हात लावायचा नाही*

थंड तेल घट्ट असतं. त्यात पाण्याचा बारीक थेंब अडकून राहतो, जसा काकवीत बुडबुडा अडकतो. तेल ६० अंशांपर्यंत तापवलं की ते २० अंशांच्या तेलाच्या मानाने साधारण एक तृतीयांश घट्ट राहतं. थेंब तिप्पट वेगाने खाली जातो. चोथाही लवकर बसतो.

पण नुसती ऊब पुरत नाही. हीटर चालू असला की गरम तेल वर येतं, गार तेल खाली जातं, ड्रममध्ये सतत घुसळण होते. बसलेलं पाणी पुन्हा वर उचललं जातं. म्हणजे हीटर बंद हवा, आणि तरी तेल गरम हवं. इथेच ड्रम गुंडाळण्याचं काम येतं.

उघडा ड्रम असेल तर त्याची भिंत गार पडते. भिंतीलगतचं तेल गार होऊन खाली सरकतं, मधलं वर येतं, म्हणजे हीटर बंद असूनही घुसळण चालूच. गुंडाळलेल्या ड्रममध्ये तेल उबदारही राहतं आणि स्थिरही राहतं.

हिशोब बघा. २०० लिटरच्या ड्रममध्ये १५० लिटर तेल, बाहेर हवा २० अंश, रात्री ८ वाजता तेल ६० अंशांवर आणून हीटर बंद केला :

▪️ उघडा ड्रम : पहिल्या तासातच सुमारे १० अंश उतरतो. सकाळी ८ वाजता तेल जवळपास हवेइतकं गार.
▪️ दोन इंच ग्लासवूल किंवा रॉकवूल गुंडाळलेला ड्रम, झाकणासकट : सकाळी ८ वाजता तेल ५० अंशांच्या आसपास.

बारा तास ऊब आणि बारा तास शांतता. एवढ्यात बहुतेक सुटं पाणी आणि चोथा तळाला जातो. हेच काम गार तेलात करायला आठवडा लागतो, आणि थिजलेल्या तेलात तर होतच नाही.

विजेचं म्हणाल तर १५० लिटर तेल २० वरून ६० अंशांवर न्यायला जेमतेम ३ युनिट लागतात. तेल तापवायला पाण्याच्या मानाने निम्मीच उष्णता लागते. पण उघडा ड्रम ६० अंशांवर नुसता *टिकवून* ठेवायला दर तासाला पाऊण युनिटहून जास्त जातं. चार तासांत तापवायला लागली तेवढी वीज हवेत. गुंडाळला की हा खर्च दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो. शेतीची लाईन आपल्याला आठ तास मिळते, कधी दिवसा कधी रात्री. गुंडाळलेल्या ड्रमला त्याची चिंता नाही. लाईन असेल तेव्हा तापवा, गेली तरी काम चालूच.

*भाग ४ : तापवायचं कशाने*

✅ *पहिली पसंती : गरम पाण्याची कॉइल.* ड्रमच्या आत लोखंडी पाइपाची पाच-सहा वेटोळी, आणि त्यातून बंबातलं किंवा सोलरचं गरम पाणी फिरवायचं. याचा मोठा फायदा असा की पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून तेलही कधी जाणार नाही. थर्मोस्टॅट बिघडला, माणूस विसरला, तरी तेल उकळी फुटण्याइतकं तापत नाही. जाळ लागला तर तो बंबाखाली, तेलापासून लांब.

काळजी काय घ्यायची :
▪️ कॉइल लोखंडाची किंवा स्टीलची घ्या. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा (जीआय) नको. या धातूंमुळे तेल लवकर खवट होतं. बंब तांब्याचा असला तरी चालेल, कारण त्याला फक्त पाणी लागतं, तेल नाही.
▪️ सगळ्यात खालचं वेटोळं तळापासून वीतभर वर ठेवा. गाळ बसतो तिथे तापवायचं नाही.
▪️ कॉइल बसवण्याआधी पाण्याचा दाब देऊन तपासा. कॉइल गळली तर आपण तेलातलं पाणी काढायच्या ऐवजी त्यात पाणी घालत बसू.
▪️ गरम पाण्याची लाईन कुठेतरी हवेला मोकळी हवी. बंबाचं तोंड कधीही बुचाने बंद करायचं नाही.
▪️ सोलरचं पाणी ६५ अंश आणि टाकी २०० लिटरची असेल, तर तेल ५०-५२ पर्यंतच जाईल. हरकत नाही. एका रात्रीऐवजी दोन रात्री ठेवा.

✅ *दुसरी पसंती : ड्रमला बाहेरून लावायचा पट्टा हीटर*, थर्मोस्टॅटसकट. ६० वर लावायचा. पट्टा गाळाच्या वर आणि तेलाच्या पातळीच्या खाली बसला पाहिजे. तेल पट्ट्याच्या खाली गेलं आणि हीटर चालू राहिला की रिकामा पत्रा तापतो. अर्थिंग पक्कं हवं आणि लाईनवर आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) हवा. पट्ट्याच्या *वरून* ग्लासवूल गुंडाळायचं नाही, पट्टा आतल्या आत जळतो. त्या जागेपुरती गुंडाळी कापा. थर्मोस्टॅट असला तरी एक वेगळा थर्मामीटर तेलात हवाच.

तेल थिजलेलं असेल तर घाई नको. आधी वरचा थर काठीने मधोमध फोडून तळापर्यंत एक भोक करा, म्हणजे वितळलेल्या तेलाला वर यायला वाट राहील. मग हळूहळू तापवा.

❌ *हे नको :*
▪️ ड्रमखाली लाकूड, गोवऱ्या, गॅस, डिझेलचा स्टोव्ह.
▪️ बादलीत पाणी तापवायचा रॉड. तो पाण्यासाठी बनवलेला असतो. तेल पाण्याइतकी उष्णता पटकन वाहून नेत नाही, त्यामुळे रॉडलगतचं तेल करपतं, रॉडवर काळा थर बसतो आणि रॉड फुटतो.
▪️ प्लॅस्टिकचा निळा ड्रम तापवणं. गोळा करायला चालेल, तापवायला नाही.

*भाग ५ : ड्रम कसा निवडायचा आणि कसा बांधायचा*

ड्रम लोखंडी, २०० लिटरचा, *खाद्यतेलाचाच* असावा. औषधाचा, थिनरचा, डिझेल-पेट्रोलचा रिकामा ड्रम स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. रिकाम्या ड्रममध्ये वाफ राहिलेली असते, त्याला कटर किंवा वेल्डिंग लावलं की तो बॉम्बसारखा फुटतो. वेल्डरला ड्रममध्ये काय होतं ते आधी सांगा. माहीत नसेल तर तो ड्रम नकोच.

▪️ *दोन कॉक लावा.* एक अगदी तळाला, गाळ आणि पाणी काढायला. दुसरा तळापासून वीतभर वर, स्वच्छ तेल काढायला. दोन्ही लोखंडी किंवा स्टीलचे.
▪️ *भरायचं तीन हिश्शांपर्यंतच.* म्हणजे २०० च्या ड्रममध्ये १५० लिटर. तापल्यावर तेल फुगतं, वर फेसही येतो.
▪️ *झाकण बसतं हवं, पण घट्ट बंद नको.* वर बोटभर जाड पाइपाचं तोंड कायम उघडं ठेवा, त्याला उंदीर-पालीसाठी जाळी आणि पावसासाठी वाकडी मान द्या. बूच लावलेला ड्रम तापवणं म्हणजे शिट्टी नसलेला कुकर चुलीवर ठेवणं.
▪️ *ड्रम जमिनीवर टेकवू नका.* विटा किंवा हलके सिमेंट ब्लॉक यांच्या ओट्यावर ठेवा. ओटा इतका उंच हवा की खालच्या कॉकखाली बादली बसेल.
▪️ ड्रमभोवती विटांची एक-दोन थरांची पाळी करा. ड्रम गळलाच तर तेल शेडभर पसरणार नाही, ओढ्याला जाणार नाही.

*गुंडाळायचं असं :*

ड्रमचा घेर जवळपास १ मीटर ८० सेंटिमीटर आणि उंची ८८ सेंटिमीटर असते. दोन इंच जाडीची ग्लासवूल किंवा रॉकवूलची पट्टी घ्या, ९० सेंटिमीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब. दोन इंची मिळाली नाही तर एक इंचीचे दोन थर द्या, फक्त वरचा जोड खालच्या जोडावर येऊ देऊ नका. तारेने बांधा, पण आवळून चपटी करू नका. ऊब धरते ती पट्टीत अडकलेली हवा, ती पिळून काढली तर काही उरत नाही. वरून पातळ पत्रा लावा आणि पत्र्याचा जोड खाली तोंड करून ठेवा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. भिजलेली गुंडाळी असून नसल्यासारखीच.

झाकणाला विसरू नका. अंगाला स्वेटर आणि डोकं उघडं, असं करू नका. झाकणावरही तेवढाच थर द्या, हवेचं तोंड मात्र मोकळं ठेवा.

ग्लासवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क. त्याची कुसं अंगात घुसतात आणि दोन दिवस खाज जात नाही.

*भाग ६ : गुंडाळीत तेल मुरलं तर*

हा भाग नीट वाचा. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काही जण विचारतील, "ग्लासवूल कशाला, आमच्याकडे गोणपाट आहे, जुन्या गोधड्या आहेत, भाताचं तूस आहे, भुसा आहे." पाण्याच्या टाकीला हे सगळं चालेल. *तेलाच्या ड्रमला नाही.*

कारण असं. सोयाबीन, सूर्यफूल, करडई, जवस ही तेलं हवेतला प्राणवायू ओढतात आणि तसं करताना गरम होतात. ड्रममध्ये हे जाणवत नाही. पण तेच तेल कापडात, तुसात, भुशात मुरलं की ते धाग्याधाग्यावर पसरतं, हवा चौफेर लागते, आणि झालेली ऊब बाहेर पडायला वाट नसते. आतून तापत तापत, कोणीही काडी न लावता, ते पेटू शकतं. आणि इथे तर आपण त्याला गरम ड्रमला बांधून ठेवलेलं असतं.

ग्लासवूल आणि रॉकवूल स्वतः जळत नाहीत. पण त्यात तेल मुरलं तर ते तेल तिथेही तापतं. म्हणून :

▪️ कॉक आणि जोड यांच्याभोवती वीतभर जागा *उघडी* ठेवा. थोडी ऊब जाईल, जाऊ द्या. गळती डोळ्यांना दिसली पाहिजे. कॉकखाली थाळी ठेवा.
▪️ तेल भरताना नरसाळं वापरा. बाजूने ओघळ गेला तर लगेच पुसा.
▪️ गुंडाळीचा कुठलाही तुकडा तेलाने भिजला की तो कापून काढा आणि नवीन लावा. "वाळेल" म्हणून सोडू नका.
▪️ तेल पुसलेली फडकी आणि गोणपाट कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

थर्माकोलही नको. तापल्यावर तो मऊ पडतो, आगीत झपाट्याने पेटतो, आणि त्याचा धूर वाईट.

*भाग ७ : रोजचं काम, पायरी पायरीने*

१. डब्यातलं तेल बारीक जाळीतून गाळून ड्रममध्ये घाला. तीन हिश्शांच्या खुणेवर थांबा.
२. तापवायच्या *आधी* खालचा कॉक थोडा उघडून बघा. तळाचं पाणी आलं तर येईल तेवढं काढा. तेल थिजलेलं असेल तर ही पायरी वितळल्यावर करा.
३. सावकाश ६० अंशांपर्यंत तापवा. याला तीन-चार तास लागतील. ७० च्या वर काटा गेला तर हीटर बंद. माणूस शेडमध्ये हवा, घरी जेवायला गेलेला नको.
४. हीटर किंवा पाणी बंद. झाकण बसवा. रात्रभर ड्रमला हात लावायचा नाही, ढवळायचं नाही.
५. सकाळी तेलाचं तापमान वहीत लिहा. संध्याकाळी ६० होतं आणि सकाळी ५० च्या आसपास, तर गुंडाळी चांगली. ४५ च्या खाली आलं तर कुठेतरी फट आहे. रात्री पत्र्यावर हात फिरवून बघा, जिथे गरम लागतं तिथून ऊब जातेय.
६. खालचा कॉक हळू उघडा. आधी पाणी, मग काळा गाळ, मग तेल येईल. तेल दिसलं की बंद.
७. तडतड चाचणी करा. चुलीवर नाही, *ड्रमपासून लांब*, छोटा पळा गरम करून त्यात तेलाचे चार थेंब टाका. तडतडलं तर पाणी अजून आहे, पुन्हा एक रात्र ठेवा. शांत राहिलं तर वरच्या कॉकने तेल काढून कोरड्या डब्यात भरा आणि झाकण लावा.

काढलेलं पाणी आणि गाळ विहिरीजवळ, ओढ्यात, गटारात ओतू नका. गुरांनाही घालू नका, त्यात मीठ-मसाला आणि करपलेलं तेल असतं. वेगळ्या डब्यात ठेवा, कंपनीची गाडी नेईल.

*भाग ८ : नेहमी विचारले जाणारे प्रश्न*

*"पाणी काढलं म्हणजे तेल ट्रॅक्टरमध्ये घालता येईल का?"*
नाही. पाणी काढलेलं तेलसुद्धा डिझेलपेक्षा किमान दहापट घट्ट असतं. पंपावर ताण येतो, नोझलवर काजळी बसते, इंजिन तेल खराब होतं. दोन दिवस चालेल, मग मिस्त्रीचं बिल येईल.

*"मग बायोडिझेल आपणच का बनवायचं नाही?"*
तेलाचं बायोडिझेल करायला त्यात मिथेनॉल आणि अल्कली घालावी लागते. तेव्हा तेल फुटून बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळं होतं. मिथेनॉल ६५ अंशांच्या जरा आतच उकळतं, नेहमीच्या हवेतही त्याची वाफ पेट घेते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतही नाही. पोटात गेलं तर आंधळेपण किंवा मृत्यू, विषारी दारूच्या बातम्या येतात त्या याच्याच. ते बाळगायला परवाना लागतो. आणि विकायचं बायोडिझेल आयएस १५६०७ या मानकात बसावं लागतं. हे काम कारखान्याचं आहे, शेडचं नाही. आपण स्वच्छ आणि कोरडं तेल द्यायचं, तिथपर्यंतच आपलं काम.

*"कारखान्याला पाण्याचं एवढं वावडं का?"*
तेलात पाणी असलं की अल्कलीने बायोडिझेलऐवजी साबण होतो. घाण्याच्या तेलात कॉस्टिक घालून साबण करताना पाहिलं असेल, तसंच. सगळा घाणा फेसाळतो आणि वेगळा होत नाही. म्हणून ते वजनात कापतात.

*"गाडीचं जळकं इंजिन ऑइल यात टाकलं तर?"*
एक लिटरसुद्धा नको. ते २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, त्यात धातूचे अंश असतात. ते मिसळलेला अख्खा ड्रम कारखाना परत करतो. त्याचा डबा वेगळा, त्याची वाट वेगळी.

*"तेल चांगलं दिसतंय, परत तळायला विकू का?"*
हे कधीही करू नका. तेलातले खराब घटक (टोटल पोलर कंपाउंड) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायला एफएसएसएआयची १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून इंधनाकडे वळवायची 'रुको' ही योजनाही सुरू झाली. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. ड्रममध्ये बसवलेलं तेल कितीही नितळ दिसलं तरी ते खाण्याचं तेल राहिलेलं नाही. गढूळपणा गेला, खराबी गेली नाही.

*आग लागली किंवा कोणी भाजलं तर :*

🔴 पेटत्या तेलावर *पाणी टाकू नका.* हीटरचा मेन स्विच बंद करा. झाकण सरकवून ड्रम झाका. जमिनीवरच्या आगीवर वाळू टाका किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर मारा. ड्रम हलवायचा प्रयत्न करू नका. आवरत नसेल तर सगळ्यांना लांब करा आणि १०१ ला फोन करा.
🔴 भाजलेल्या जागेवर लगेच नळाचं वाहतं गार पाणी, *२० मिनिटं*, घड्याळ लावून. अंगठी, कडं, घड्याळ काढा. तेलाने भिजलेले कपडे काढा, कातडीला चिकटले असतील तर ओढू नका. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई, बर्फ काही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि १०८ बोलवा.

प्रत्येक केंद्रावर ड्रमपासून पाच पावलांवर वाळूच्या चार बादल्या भरलेल्या पाहिजेत. मागच्या वेळी वाळू होती ती बांधकामासाठी आणलेली होती, म्हणजे नशिबाने होती. यापुढे नशिबावर सोडायचं नाही.

*आता काय करायचं :*

▪️ ज्या केंद्रांवर आजही ड्रमखाली जाळ लावतात, त्यांनी *आजपासून* थांबावं. ड्रम गुंडाळून होईपर्यंत तेल जसं आहे तसं द्या. पाण्याची कपात झाली तर होऊ द्या. ती कपात भाजलेल्या हातापेक्षा स्वस्त आहे.
▪️ ग्लासवूल आणि पत्रा प्रत्येकाने सुटा घेतला तर महाग पडतो. किती ड्रम गुंडाळायचे ते कार्यालयात कळवा, एकत्र मागवू.
▪️ ड्रम बांधून झाला की भरण्याआधी फोटो पाठवा : दोन्ही कॉक, हवेचं तोंड, ओटा आणि वाळूच्या बादल्या दिसल्या पाहिजेत.
▪️ काही अडलं तर फोन करा. वेळ कुठलीही असो, ड्रम तापवायच्या आधी विचारा.

तो भाऊ आता कामावर परत आलाय. हाताची बोटं अजून पूर्ण वळत नाहीत, पण त्याच्या केंद्राचा ड्रम सगळ्यात आधी गुंडाळून झाला, आणि त्याने तो स्वतः उभं राहून करून घेतला. बघायचा असेल तर कार्यालयात विचारा. तो म्हणालाय, येईल त्याला दाखवतो.

काळजी घ्या. 🙏

— आपलं कंपनी कार्यालय